बाऊलचा तक्ता आणि न खेळलेले सामने

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषयही आपल्या गल्लीतला नाही. पण ज्यांची पोरं-पुतणे अमेरिकेत शिकायला गेलेत त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता येऊन पडतो. माझा भाचा मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये शिकला. पुतणी जॉर्जियात. दोघंही इथे असताना क्रिकेटशिवाय काही बघत नव्हती. आता डिसेंबर उजाडला की अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरून एकमेकांची उणीदुणी काढतात. हा तक्ता त्यातलं ब्रह्मास्त्र. बिग टेन इतके जिंकले, इतके हरले, एसईसी इतके जिंकले, इतके हरले, पुढे टक्केवारी. मी एकदा विचारलं, बाबांनो, हा तक्ता नेमकं मोजतो काय? भाचा म्हणाला, "मामा, सोपं आहे. ज्याची टक्केवारी जास्त ती कॉन्फरन्स भारी."

इतकं सोपं काही असलं की मला शंका येते. म्हणून या तक्त्याचा इतिहास वाचत गेलो, आणि तो खेळापेक्षा निमंत्रणांचा, नियमांचा आणि बंद दारांचा इतिहास निघाला.

आधी दोन शब्द समजून घेऊ. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. अंड्यासारखा चेंडू, डोक्यावर हेल्मेट, तो. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ हा खेळ खेळतात आणि त्यातले बरेचसे संघ सरकारी, म्हणजे राज्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांचे. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा गव्हर्नर नसतो, फुटबॉलचा कोच असतो. तेव्हा हा नुसता खेळाचा विषय नाही. कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजारच्या राज्यांतल्या विद्यापीठांनी केलेला गट. बिग टेन उत्तरेकडचा, १८९६ पासूनचा. एसईसी म्हणजे साउथईस्टर्न, दक्षिणेतला. पश्चिम किनाऱ्यावरचा पॅसिफिक कोस्ट, जो पुढे पॅक-८, पॅक-१० आणि पॅक-१२ झाला. (नावातल्या आकड्यावर जाऊ नका. आज बिग टेनमध्ये १८ संघ आहेत आणि बिग १२ मध्ये १६. विद्यापीठं चालवणाऱ्यांचं गणित!)

सप्टेंबर ते नोव्हेंबर नेहमीचा हंगाम. त्यात एक संघ साधारण बारा सामने खेळतो आणि त्यातले आठ-नऊ आपल्याच गटात. म्हणजे गटांची आपसात गाठ फारशी पडतच नाही. मग कुठला गट भारी हे ठरवायचं कसं? तर हंगाम संपल्यावर, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जे खास निमंत्रणाचे सामने होतात, त्या 'बाऊल'वरून. स्वयंपाकघरातला बाऊल तोच हा शब्द. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून आला.

आता हे बाऊल सुरू कशासाठी झाले, तर पर्यटनासाठी. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात १८९० पासून नववर्षाच्या दिवशी फुलांची मिरवणूक निघत असे. उत्तरेत गुडघाभर बर्फ असताना आमच्याकडे गुलाब फुलतात, हे दाखवायचं होतं. १९०२ साली त्यांनी जोडीला फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, तेही सामना पूर्ण न होता. स्टॅनफर्डनेच वेळ संपायच्या आधी हात जोडले. आयोजकांनी धसका घेतला आणि पुढची काही वर्षं फुटबॉलऐवजी रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परतला तो थेट १९१६ मध्ये. मग १९३० च्या दशकात मायामीने ऑरेंज बाऊल काढला, न्यू ऑर्लिन्सने शुगर, डॅलसने कॉटन, एल पासोने सन. सगळी उन्हाची गावं. हॉटेलं भरावीत हा हेतू, गटांची तुलना व्हावी हा नव्हे. ती नंतर लोकांनी चिकटवली.

चिकटवली ती मात्र लगेच. १ जानेवारी १९२६, रोझ बाऊल. वॉशिंग्टनविरुद्ध अलाबामा. दक्षिणेतला संघ या सामन्याला पहिल्यांदाच आलेला, आणि आयोजकांची पहिली पसंती तो नव्हताच. मध्यंतराला वॉशिंग्टन १२-० ने पुढे. तिसऱ्या टप्प्यात अलाबामाने २० गुण काढले आणि सामना २०-१९ असा जिंकला. (त्यातला एक हिरो जॉनी मॅक ब्राऊन पुढे हॉलिवूडमध्ये काउबॉय झाला, हे जाता जाता.) संघ रेल्वेने परत निघाला तर वाटेत स्टेशनांवर गर्दी. साठ वर्षांपूर्वी यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेने हा विजय अख्ख्या प्रांताचा मानला. एका विद्यापीठाचा सामना अख्ख्या प्रदेशाची अब्रू झाला तो इथे. फक्त ती 'दक्षिण' म्हणजे गोऱ्यांची दक्षिण. काळ्या मुलांना त्या विद्यापीठात प्रवेशच नव्हता. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बिग टेनचं तेव्हा उलटं होतं. १९२१ च्या रोझ बाऊलनंतर त्यांनी आपल्या संघांना हंगामानंतर खेळायला बंदीच केली होती. विद्यार्थ्यांचा अभ्यास बुडतो म्हणून. १९४६ मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या गटाशी करार केला : दरवर्षी रोझ बाऊलला आमचा एक आणि तुमचा एक संघ. कॅलिफोर्नियातले लोक नाराज. त्यांना त्या वर्षी न हरलेला लष्कराचा संघ, म्हणजे आर्मी, बघायचा होता. इलिनॉय कोण मागतंय? इलिनॉयने येऊन युसीएलएला ४५-१४ ने हरवलं. पुढच्या वर्षी मिशिगनने यूएससीला ४९-०. १९४७ ते १९५९ या तेरा सामन्यांत बिग टेनने बारा जिंकले. फक्त १९५३ मध्ये यूएससी ७-० ने निभावली. तक्ता मानायचा तर उत्तरेच्या पोरांपुढे किनाऱ्यावरची पोरं म्हणजे लिंबूटिंबू.

आता पुढचा काळ बघा. १९७० ते १९८० या अकरा सामन्यांत पश्चिमेने दहा जिंकले. तेच गट, तेच मैदान, तोच करार.

आणि हे आकडे गटांची ताकद मोजत होते म्हणावं तर बिग टेनचा एक नियम होता : एका वर्षी जो संघ रोझ बाऊलला गेला त्याने पुढच्या वर्षी जायचं नाही, मग तो कितीही चांगला असो. आपल्याकडे पानाच्या पंगतीत 'तुझं झालं, आता ऊठ' म्हणतात तसं. १९६६ चा मिशिगन स्टेट एकही सामना हरला नव्हता, एक बरोबरीत. पण आदल्या वर्षी जाऊन आलेला, म्हणून घरी बसला. दुसऱ्या नंबरचा पर्ड्यू गेला आणि १४-१३ ने जिंकूनही आला. शिवाय रोझ बाऊल सोडून दुसऱ्या कुठल्याच बाऊलला बिग टेनच्या संघाने जायचं नाही, हा दुसरा नियम. दहा विद्यापीठं आणि वर्षाला एक जागा. दुसरीकडे नोत्र दाम, देशातला सर्वांत गाजलेला संघ, १९२५ नंतर १९७० पर्यंत कुठल्याही बाऊलला गेलाच नाही. त्यांचं त्यांनी ठरवलेलं. तक्त्यात त्या पंचेचाळीस वर्षांचं काय लिहिणार?

दक्षिणेतली दारं वेगळ्या कारणाने बंद होती. १९५६ चा शुगर बाऊल, न्यू ऑर्लिन्स. जॉर्जिया टेकसमोर पिट्सबर्ग. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रियर नावाचा एक काळा खेळाडू. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी मागणी केली की आपल्या संघाने असल्या सामन्यात खेळू नये. गंमत म्हणजे टेकचे विद्यार्थीच, तेही सगळे गोरे, गव्हर्नरच्या बंगल्यावर चाल करून गेले. त्यांना वंशभेदाविरुद्ध लढायचं होतं असं समजून भारावू नका. बहुतेकांना सामना हवा होता. पण झालं ते झालं, सामना खेळला गेला. टेक ७-० ने जिंकलं. एकमेव गुण आले ते ग्रियरवर पंचांनी दिलेल्या एका वादग्रस्त दंडानंतर. त्याच वर्षी लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदाच केला : काळे-गोरे एकत्र खेळणार नाहीत. न्यायालयाने काही वर्षांत तो रद्द ठरवला, पण १९५७ ते १९६४ या आठही शुगर बाऊलमध्ये दोन्ही संघ दक्षिणेचेच होते. दोनदा तर दोन्ही एसईसीचे. १९६५ मध्ये सिराक्यूज आला तेव्हा कुठे ती रांग मोडली.

आता सांगा, त्या वर्षांतले एसईसीचे शुगर बाऊलमधले विजय-पराजय उत्तरेच्या कुठल्या गटाशी ताडून बघायचे? ज्यांच्याशी तुलना करायची त्यांना शहरात बोलवायची सोयच नव्हती. एसईसीत पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला तो १९६७ मध्ये, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन.

बंद दारं उत्तरेलाही होती, कारणं वेगळी. १९६१ मध्ये ओहायो स्टेटने बिग टेन जिंकली. रोझ बाऊलचं निमंत्रण हातात. विद्यापीठाच्या प्राध्यापक मंडळाने २८ विरुद्ध २५ मतांनी ठरवलं, जायचं नाही, फुटबॉल फार डोक्यावर बसलाय. कोलंबस शहरात दंगा व्हायचा बाकी राहिला. मिनेसोटा गेलं, युसीएलएला २१-३ ने हरवून आलं. बिग टेनच्या खात्यात एक विजय. तीन मतांवर कोण खेळणार ते ठरलं.

अजून एक गोष्ट वाचून मी चाट पडलो. आज ज्या बाऊलवरून एवढी भांडणं होतात, त्यांचा निकाल बराच काळ राष्ट्रीय विजेता ठरवताना धरतच नसत! पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची मतं बाऊलच्या आधी घेऊन विजेता जाहीर व्हायचा. १९५० चा विजेता ओक्लाहोमा, बाऊलमध्ये केंटकीकडून हरला. १९५१ चा टेनेसी हरला. १९५३ चा मेरीलँड हरला. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेता ठरवलं आणि मग शुगर बाऊलमध्ये नोत्र दामने त्यांना २४-२३ ने पाडलं. किताब अलाबामाकडेच राहिला. प्रशिक्षकांना मात्र लाज वाटली असावी. पुढच्या हंगामापासून त्यांनी मतदान बाऊलनंतर ठेवलं.

१९७३ चं नाव निघालंच आहे तर त्या वर्षीची मूळ गोष्ट सांगतो. या पोस्टचं कारण तीच.

२४ नोव्हेंबर १९७३. ॲन आर्बर. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. एक लाख पाच हजार प्रेक्षक. दोघंही तोवर न हरलेले. मध्यंतराला ओहायो १०-० ने पुढे, चौथ्या टप्प्यात मिशिगनने १०-१० केलं. शेवटच्या मिनिटांत मिशिगनच्या दोन लाथा गोलखांबांच्या बाहेरून गेल्या. सामना बरोबरीत, गटाचं विजेतेपद विभागून. आता रोझ बाऊलला कोण? 'पाठोपाठ जायचं नाही' हा नियम नुकताच रद्द झाला होता. तरी सगळ्यांनी धरून चाललेलं की ओहायो स्टेट आदल्या वर्षी जाऊन यूएससीकडून ४२-१७ असा मार खाऊन आलंय, तेव्हा आता मिशिगन.

दुसऱ्या दिवशी दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी गुप्त मतदान केलं. सहा विरुद्ध चार. ओहायो स्टेट.

का? सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात मिशिगनच्या डेनिस फ्रँकलिनचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हा त्यांचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणारा मुख्य गडी. आणि बिग टेन आधीचे सलग चार रोझ बाऊल हरलेली होती. पाचवा पराभव तक्त्यात नको. ज्याचा क्वार्टरबॅक धड आहे त्याला पाठवा, जिंकायची शक्यता वाढते. म्हणजे बघा, गट किती भारी हे मोजायला तक्ता होता, आणि आता तक्ता बरा दिसावा म्हणून कोणाला पाठवायचं ते ठरत होतं! आपल्याकडे शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या पोराला नववीतच अडकवतात, तसलाच प्रकार.

मिशिगनचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर उघडपणे भडकले आणि ही जखम त्यांनी जन्मभर बाळगली. मैदानावर एकही सामना न हरलेला संघ, दहा विजय आणि एक बरोबरी, आणि नववर्षाला घरी बसून टीव्ही. ओहायो स्टेटने यूएससीला ४२-२१ ने हरवलं. मत देणारे म्हणाले असतील, बघा, आमचं बरोबर होतं. मिशिगन गेलं असतं तर काय झालं असतं, याला तक्त्यात रकाना नाही.

या प्रकरणाचा एक चांगला परिणाम झाला. १९७५ च्या हंगामापासून बिग टेनने आपल्या इतर संघांना दुसऱ्या बाऊलना जायची मोकळीक दिली. म्हणजे एका अर्थाने गटाच्या बाऊल-टक्केवारीला काही अर्थ यायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. त्याआधी वर्षाला एकच सामना. एका सामन्यावरून गट मोजायचा म्हणजे एका शितावरून अख्ख्या गावाची जत्रेतली जेवणं परखायची.

मैदान तरी तटस्थ असतं का? रोझ बाऊल स्टेडियम १९८२ पासून युसीएलएचं घरचं मैदान आहे. १९८३, १९८४ आणि १९८६ या तीन रोझ बाऊलमध्ये युसीएलए जिंकली, घरच्या हिरवळीवर, बर्फातून विमानाने आलेल्या बिग टेनच्या संघांविरुद्ध. त्यातला एक ४५-९. मी म्हणत नाही की मैदानाने जिंकवलं. पण बिग टेनचा कुठलाही संघ रोझ बाऊलसाठी कधी घरापासून तासाभरावर खेळत नव्हता. पाहुणे कायम तेच.

१९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीव्हीचे हक्क केंद्रीय संस्थेच्या मुठीतून सोडवले आणि पैशाचा नळ सुटला. ते सगळं सांगत बसलो तर पोस्ट नव्हे पुस्तक होईल. थेट १९९८ ला या. बीसीएस नावाची व्यवस्था आली. सहा गटांच्या विजेत्यांना मोठ्या बाऊलमध्ये हमखास जागा. बाकीच्या गटांनी दाराबाहेर उभं राहायचं, फारच चमकलात तर बघू. एका जागेमागे कोट्यवधी डॉलर, ते गटातल्या सगळ्यांत वाटले जाणार. आणि बाहेर ठेवण्याचं समर्थन काय? तुमचा गट कच्चा, तुम्ही दुबळ्यांशी खेळून जिंकता.

मग बाहेरच्यांनी बाऊलमध्येच उत्तर द्यायला सुरुवात केली. २००५ मध्ये युटाने पिट्सबर्गला ३५-७ ने हरवलं. २००७ मध्ये आयडाहोतल्या बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३-४२ ने. तो सामना मिळाला तर बघाच, शेवटची दहा मिनिटं म्हणजे सिनेमा. २००९ मध्ये युटाने अलाबामाला ३१-१७ ने, शुगर बाऊलमध्ये, म्हणजे दक्षिणेच्या अंगणात. पुढच्या वर्षी गंमत झाली. बॉइझी स्टेट आणि टीसीयू, दोघंही बाहेरचे, दोघंही न हरलेले. त्यांना मोठ्या बाऊलमध्ये घेतलं, पण एकमेकांसमोर! म्हणजे मोठ्या गटातल्या कोणालाही त्यांच्याकडून हरायची भीती उरली नाही. बॉइझी १७-१० ने जिंकलं आणि टीसीयूच्या, म्हणजे बाहेरच्यांच्याच, खात्यात एक पराभव जमा झाला.

नोव्हेंबर २०१० मध्ये ओहायो स्टेटचे अध्यक्ष गॉर्डन गी म्हणाले की असले संघ अंतिम सामन्याच्या लायकीचे नाहीत, आमच्या गटांचं वेळापत्रक म्हणजे काही गरिबांची सेवा करणाऱ्या जोगिणींशी खेळणं नव्हे. त्यांनी एका खऱ्याखुऱ्या कॅथलिक संस्थेचंच नाव घेतलं. दीडेक महिन्यात टीसीयूने रोझ बाऊलमध्ये बिग टेनच्या विस्कॉन्सिनला २१-१९ ने हरवलं. काही दिवसांत खुद्द कोलंबस शहरात फलक झळकले : टीसीयूचं अभिनंदन, खाली सही त्याच जोगिणींच्या नावाची. टीसीयूच्या एका माजी विद्यार्थ्याचा उद्योग. गी साहेबांनी माफी मागितली.

याच काळात गटांच्या बाऊल-टक्केवारीला चक्क एक चषकही होता, बाऊल चॅलेंज कप. ज्या गटाची टक्केवारी सर्वांत चांगली त्याला तो मिळायचा. युटा आणि टीसीयूचा गट, माउंटन वेस्ट, तो एकाहून जास्त वेळा घेऊन गेला. म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने देशातला सर्वांत भारी गट. हमखास जागा तरीही नाही. तक्ता आपल्या बाजूने असला की पुरावा, नसला की 'थोडेसेच सामने आहेत हो'.

आणि थोडेसेच असतात हेही खरं. २००८ चा हंगाम घ्या. पॅक-१० ने त्या वर्षीचे आपले पाचही बाऊल जिंकले. पाचपैकी पाच! तोच पॅक-१०, त्याच हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माउंटन वेस्टशी सात सामने खेळला होता आणि त्यातले सहा हरला होता. त्यातल्या एकात बीवाययूने युसीएलएला ५९-० केलं होतं. कुठला आकडा खरा? दोन्ही खरे. पण जानेवारीत फक्त एक व्हॉट्सॲपवर फिरतो.

दहा वर्षांत चक्र फिरलं. २०१७-१८ च्या बाऊलमध्ये पॅक-१२ ने नऊपैकी आठ सामने गमावले. 'एक-आठ' हा आकडा पुढे कित्येक वर्षं त्यांच्या तोंडावर मारला गेला. ते आठ पराभव एकेक करून बघितले. स्टॅनफर्ड ३९-३७ ने हरलं, दोन गुणांनी. ॲरिझोना ३८-३५ ने, तीन गुणांनी. ओरेगॉनचा प्रशिक्षक बाऊलच्या आधीच दुसरी नोकरी धरून फ्लोरिडाला गेलेला. युसीएलएने आपल्या प्रशिक्षकाला काढलेलं आणि त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक सामन्यात उतरलाच नाही. यूएससी मात्र ओहायो स्टेटकडून रीतसर २४-७ ने हरली, तिथे सबब नाही. दोन चेंडू इकडचे तिकडे झाले असते तर एक-आठचं तीन-सहा झालं असतं आणि कोणी लक्षातही ठेवलं नसतं. नऊपैकी तो एकुलता एक विजय कोणाचा? युटाचा. तोच युटा, ज्याला 'कच्च्या गटातला' म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं. तो २०११ मध्ये पॅक-१२ मध्ये आला होता.

पॅक-१२ पुढे फुटला. का फुटला, तर टीव्हीच्या पैशामुळे. स्वतःचं चॅनेल काढलं, ते घराघरात पोचलंच नाही; पश्चिमेचे रात्रीचे सामने सुरू होतात तेव्हा पूर्वेतली निम्मी अमेरिका झोपलेली. बाऊलच्या पराभवांनी गट मोडला असं मी म्हणणार नाही. पण 'तुमचा गट आता पूर्वीसारखा राहिला नाही' हे टेबलावर बसून म्हणायला हाताशी आकडा लागतो, आणि तो तयार होता. जून २०२२ मध्ये यूएससी आणि युसीएलएने बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. पंचाहत्तर वर्षं ज्यांच्याविरुद्ध रोझ बाऊल खेळले त्यांच्याच घरात! ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात आणखी पाच गेले, त्यात युटाही. शेवटी मागे राहिले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, लहान गावातली दोन सरकारी विद्यापीठं. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. त्यांचं शहर छोटं, टीव्ही कमी. आणि त्याच शेवटच्या हंगामात पॅक-१२ चा विजेता वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता.

त्याच हंगामात १९७३ पुन्हा घडलं. बरोबर पन्नास वर्षांनी.

२०२३ चा फ्लोरिडा स्टेट. एसीसी या गटाचा विजेता, तेराच्या तेरा सामने जिंकलेला. तेव्हा राष्ट्रीय विजेतेपदासाठी चार संघांची प्लेऑफ होती. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. निवड समितीने त्यांना पाचव्या क्रमांकावर ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला, म्हणजे एसईसीच्या विजेत्याला, चौथी जागा दिली. कारण उघड सांगितलं : ट्रॅव्हिसशिवाय हा तोच संघ नाही. ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं की माझा पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, माझ्याशिवाय हा संघ काय आहे ते तुम्हाला कळलं असतं.

फ्लोरिडा स्टेटला ऑरेंज बाऊल मिळाला, जॉर्जियासमोर. आता यात जिंकून मिळणार काय? वीसहून अधिक खेळाडू खेळले नाहीत. कोणी पुढे व्यावसायिक संघात जायचं म्हणून अंग वाचवलं, कोणी दुसऱ्या विद्यापीठात निघाला, कोणी जखमी. २०१६ पासून ही रीतच पडली आहे आणि मी त्या पोरांना दोष देणार नाही. आदल्या जानेवारीत नोत्र दामच्या एका मोठ्या खेळाडूचा गुडघा अशाच सामन्यात निकामी झालेला सगळ्यांनी बघितला होता. निकाल : जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३. बाऊलच्या इतिहासातला इतका मोठा फरक क्वचित. फ्लोरिडा स्टेटने तोवर आपल्याच गटावर कोर्टात दावाही ठोकला होता.

तो ६३-३ आज एसीसीच्या खात्यात एक पराभव आणि एसईसीच्या खात्यात एक विजय म्हणून जमा आहे. बॉइझीने ओक्लाहोमाला हरवलं तोही एक विजय आणि हाही एक. तक्त्याला दोन्ही सारखेच.

भाच्याला परवा फोनवर विचारलं, डेनिस फ्रँकलिन माहीत आहे का? चार वर्षं त्या गावात राहिला, त्या स्टेडियममध्ये ओरडून घसा बसवून घेतला, पण नाव ऐकलेलं नव्हतं. मग सांगितलं. १९७२, १९७३, १९७४ ही तीन वर्षं फ्रँकलिन मिशिगनचा क्वार्टरबॅक होता. तीस विजय, दोन पराभव, एक बरोबरी. दोन्ही पराभव ओहायो स्टेटकडूनच, एक तीन गुणांनी आणि एक दोन. बाऊलचे सामने : शून्य. त्या तीन वर्षांच्या तक्त्यात मिशिगनच्या नावापुढे काहीच नाही, ना विजय ना पराभव.

तो थोडा वेळ गप्प बसला. तेवढ्यात ग्रुपवर पुतणीने ६३-३ चा स्क्रीनशॉट टाकला, सोबत तीन हसरे चेहरे.